फळ आणि फांदी

मौर्य राजा बिंदुसार यानें सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस यास पत्र पाठवून तीन वस्तू विकत मागितल्या : गोड मद्य, सुकीं अंजिरें आणि एक तत्त्वज्ञ. पहिल्या दोन वस्तू देण्याचें अँटिओकसानें मान्य केलें. पण तत्त्वज्ञ विकण्याची चाल ग्रीकांत नाहीं, असें उत्तर धाडलें. ही आख्यायिका अथेनिअस या ग्रीक ग्रंथकारानें नोंदविली आहे. इतिहासाचे अध्यापक ती तत्त्वज्ञासाठीं सांगतात. आम्हांस तींतील अंजीर अधिक बोधक वाटतें. बिंदुसारानें फळ मागितलें, फांदी मागितली नाहीं. फळ खाल्लें कीं संपतें. फांदी रुजली तर तिच्यापासून बाग होते. आणि तरीही ग्रंथांत नांव राहतें तें फळ मागणाऱ्या राजाचें, फांदी आणणाऱ्या माळ्याचें नव्हे. अंजिराची फांदी थंड देशांत कशी रुजली आणि आमच्या सीताबर्डीस संत्र्याचें रोप कसें आलें, या दोन हकीकती शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे इतिहासलेखनांतील ही उणीव स्पष्ट होते.

अंजीर हें वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळांतलें झाड. उंबराचें फूल दुर्मिळ म्हणून आपण म्हण केली; अंजिराचेंही फूल फळाच्या पोटांतच दडलेलें असतें. याचें बीं पेरल्यास मूळच्या झाडासारखेंच झाड होईल, असा भरंवसा नसतो. कित्येक रोपें तर खाण्याजोगें फळ न देणारीं निघतात. म्हणून माळी बियांच्या वाटेस न जातां फाटे कलम करतो. पानें गळून झाड निजलेलें असतां वीतभर लांबीची पक्व काडी कापावी, तिचे दोनतीन डोळे ओल्या मातींत पुरावे, आणि वाट पाहावी. अशा रीतीनें झालेलें झाड मूळ झाडाचें अपत्य नव्हे; तें मूळ झाडच होय. जॉर्डन नदीच्या खोऱ्यांत गिलगल येथें सुमारें ११,४०० वर्षांपूर्वींचीं जळकीं अंजिरें सांपडलीं. त्यांत रुजण्याजोगें बीं नव्हतें; यावरून, गहूं-जवाच्या शेतीपूर्वींच मनुष्य अंजिराच्या फांद्या लावीत असावा, असें अनुमान २००६ सालीं कांहीं संशोधकांनीं मांडलें. त्यावर सर्वांचें एकमत नाहीं; परंतु फांदी रोवण्याची कला फार पुरातन आहे, याविषयीं शंका नको.

हें ऊन्हाचें झाड थंड विलायतेंत गेलें तें अशा काड्यांच्या व रोपांच्या रूपानेंच. लंडनच्या लँबेथ राजवाड्यांतील अंजीर कार्डिनल पोल यानें १५५६ च्या सुमारास इटलीहून आणविलें, अशी परंपरा आहे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधील अंजीर अरबीचा पहिला प्राध्यापक एडवर्ड पोकॉक याच्या नांवानें ओळखलें जातें. त्याच्या लागवडीचें साल १६४८ सांगतात. पोकॉक अलेप्पो येथें धर्मोपदेशक होता. तेथून त्यानें हस्तलिखितें आणलीं, तसें हें झाडही आणलें असें मानतात. पण नुसतें झाड आणून भागलें नाहीं. हिमानें फांद्या करपतात, मग मुळापासून पुन्हा धुमारे फुटतात. झाड मरत नाहीं, पण फळतही नाहीं. यावर तेथील माळ्यांनीं युक्ति काढली. दक्षिणेकडे तोंड केलेल्या विटांच्या भिंतीस झाड लावावें, म्हणजे दिवसा शोषलेली ऊब भिंत रात्रीं परत देते. आणि मुळें विटांच्या खड्ड्यांत कोंडावीं, म्हणजे पानांचा माज न होतां फळ धरतें. पोलचें नांव राहिलें. ही भिंतीची युक्ति प्रथम कोणास सुचली, तें कोणींच लिहून ठेवलें नाहीं.

अमेरिकेंत हीच कथा गरिबांच्या हातून घडली. इटलीहून गेलेल्या मजुरांनीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनसारख्या वस्त्यांत परसदारीं अंजिरें वाढविलीं. हिवाळा आला कीं फांद्या दोरीनें आवळून त्यांस चिंध्या व डांबरी कागद गुंडाळावयाचे, माथ्यावर बादली पालथी घालावयाची. कोणी तर झाड वांकवून चरांत पुरून ठेवीत. नवी काडी हवी असेल त्यानें शेजाऱ्याच्या छाटणीची वाट पाहावी, हाच त्यांचा रोपबाजार होता.

कॅलिफोर्नियाची गोष्ट याहून शिकविणारी आहे. १८८० नंतर तेथें प्रसिद्ध स्मर्ना अंजिराच्या हजारों काड्या आणविण्यांत आल्या. झाडें वाढलीं, फळें धरलीं आणि पिकण्यापूर्वींच गळून पडलीं. या जातीचें फळ पिकावयास रानटी अंजिरांत राहणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी लागते, हें ध्यानांत येऊन ती माशी तेथें नांदावयास १८९९ साल उजाडलें. फांदीबरोबर तिची विद्याही आली पाहिजे, हा त्यांतील धडा. आपल्या दख्खनेंत अंजीर सुखानें रुजलें याचें एक कारण हेंच कीं, पुणें प्रांतांतील जातीस त्या माशीची गरज लागत नाहीं. पुरंदरच्या कोरड्या हवेंत खट्टा आणि मीठा असे तिचे दोन बहार धरतात; २०१६ सालीं पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकनही मिळालें.

आतां घरच्या झाडाकडे वळूं. नागपूरकर रघूजी भोसले यांनीं औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, संत्र्याचीं रोपें आणवून सीताबर्डीस आपल्या परसबागेंत लाविलीं, असें फळबागांवरील ग्रंथांत सांगितलेलें असतें. पण केव्हां? कोणी अठरावें शतक म्हणतो, कोणी एकोणिसाव्याचीं अखेरचीं वर्षें. पहिलें खरें मानलें तर हे रघूजी स्वतंत्र राज्याचे धनी. दुसरें मानलें तर राज्य खालसा होऊन चाळीस वर्षें लोटल्यानंतरचे केवळ नांवाचे राजे. याच सीताबर्डीच्या टेकडीवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं झालेल्या लढाईची हकीकत बारीकसारीक तपशिलानिशीं लिहिलेली आहे. त्याच टेकडीखालीं आलेल्या झाडाची तारीख मात्र शंभर वर्षांच्या फरकानें सांगावी लागते. लढाईनें एक राज्य दुबळें झालें. रोपानें काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीपर्यंत एक नवें जीवन उभें केलें. दोहोंपैकीं नागपुराचें नांव दूर देशीं कोणीं नेलें, हें सांगावयास नकोच.

येथेंही फांदीबरोबर विद्या आली. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणें, पाणी तोडून झाडास ताण देणें आणि आंबिया कीं मृग, कोणता बहार धरावा हें ठरविणें, हें ज्ञान पुस्तकांआधीं हातांनीं जपलें. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून आजही लक्षावधि कलमा बाहेर पडतात. परंतु फांदी गुणांबरोबर रोगही वाहून नेते. एका सदोष मातृवृक्षाच्या डोळ्यापासून शेंकडों झाडें बांधलीं, तर दोष पुढें, ऐन फळण्याच्या वयांत, प्रकट होतो, आणि शेतकऱ्याच्या हातीं सरपण उरतें. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमा तयार करते, त्याचें महत्त्व यांतच आहे. झाडाची वंशावळ हा केवळ इतिहासकाराचा छंद नव्हे. शेतकऱ्याच्या कर्जफेडीचा तो प्रश्न आहे.

बर्डीवर आज बाजार आहे, मेट्रोचें स्थानक आहे. संत्र्याची बाग नाहीं. ती परत यावी असें आमचें म्हणणें नाहीं. मागणें इतकेंच कीं, ज्यांच्या शेतांत जुनीं झाडें उभीं आहेत त्यांनीं एक वही घालावी : कलम कोणाकडून आणली, कोणत्या सालीं, डोळा कोणीं बांधला. ही दोन ओळींची नोंद झाडाशेजारीं राहिली, तर पुढील इतिहासकारास राजाच्या नांवावर सगळा भार टाकावा लागणार नाहीं. आणि डोळा बांधणाऱ्याचें नांवही एकदां कागदावर येईल.