दवाखान्याच्या भिंती आणि पहिला आकडा

मंडळी, अमरावतीकडे घरात कोणी आजारी पडले, की अजूनही म्हणतात, "इर्विनला न्या." बाळंतपण असले तर, "डफरीनला." इर्विन म्हणजे १९२६ ते १९३१ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड आयर्विन. लेडी डफरीन ह्या त्यांच्या आधीच्या एका व्हाइसरॉयच्या पत्नी. येथील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून त्यांनी १८८५ साली एक निधी उभारला होता. साहेब गेले, राज्य गेले, पण पाटीवरची नावे वऱ्हाडच्या तोंडी राहिली. त्या काळी इमारतीला नाव साहेबाचे लागे. तिच्यावर किती खर्च झाला, हे विचारण्याची सोय मात्र खेड्यातल्या रयतेला जवळजवळ नव्हतीच.

पण पैसा ज्याचा, त्याने प्रश्न विचारावा, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईचे शेठ जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ साली इस्पितळासाठी एक लाख रुपये देऊ केले. पण नुसते दिले नाहीत. सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी, अशी अट घातली. १८४५ साली ते इस्पितळ सुरू झाले, आणि आज सारा महाराष्ट्र त्याला जे. जे. म्हणून ओळखतो. देणाराने हात सैल सोडला, पण डोळे मिटले नाहीत.

आता असे पाहा, स्वातंत्र्यानंतर सरकारी दवाखान्याचा शेठ कोण? तुम्ही आणि मी. आगपेटीपासून डिझेलपर्यंत जो कर आपण भरतो, त्यातूनच ही बांधकामे होतात. म्हणून शेठजींचा प्रश्न आता आपल्याकडे आला आहे.

तो कसा विचारायचा, हे समजण्यासाठी एक अलीकडचा इतिहास सांगतो. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ च्या कायद्याने उभी राहिली. तशाच संस्था देशाच्या इतर भागांत व्हाव्यात, म्हणून २००३ साली प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजना जाहीर झाली. भोपाळ, भुवनेश्वर, जोधपूर, पाटणा, रायपूर आणि ऋषिकेश ही सहा ठिकाणे ठरली. २००६ साली मान्यता मिळाली, तेव्हा प्रत्येक संस्थेचा खर्च धरला होता ३३२ कोटी रुपये. २०१० साली तोच आकडा ८२० कोटी झाला. मास्तरांनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे : सहा संस्थांचे आधी १,९९२ कोटी, नंतर ४,९२० कोटी. म्हणजे जवळजवळ अडीच पट!

हे ऐकताच आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, "खाल्ले!" कुठे खाल्लेही जात असेल, तेव्हा त्याची चौकशी झालीच पाहिजे. पण येथे जरा थांबा. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी करून २०१८ साली अहवाल दिला. त्यातून दिसते ते असे, की मुळात नियोजनच कच्चे होते. काय काय लागेल, याचा पुरता हिशेब पहिला आकडा लिहिताना झालाच नव्हता. कामे वर्षानुवर्षे मागे पडली. आणि इमारती उभ्या राहिल्यावरही त्या सहा संस्थांत अध्यापक-डॉक्टरांच्या निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या होत्या.

आपल्या विहिरीचेच उदाहरण घ्या. खोदाईचा खर्च धरला. बांधकाम, मोटारपंप, पाइप आणि विजेचे कनेक्शन धरलेच नाही. मग अर्ध्यावर आल्यावर सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. तोवर गवंडीही महागतो आणि सिमेंटही. यात गवंड्याने लुबाडले असे नव्हे; चूक पहिल्या दिवशी, पहिल्या कागदावर झाली. सरकारी कामात त्या कागदाला अंदाजपत्रक म्हणतात. त्यावरून प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. आकडा पुरला नाही, की "सुधारित प्रशासकीय मान्यता" येते. पहिला आकडा जाणूनबुजून लहान लिहिला, तर मंजुरी लवकर मिळते. आणि काम अर्धे झाल्यावर नाही म्हणण्याची हिंमत कोणालाच होत नाही. खरी ग्यानबाची मेख येथे आहे.

ही योजना आपल्या वऱ्हाडातही आली. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ सालचे. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात, २०१३ साली, देशातील ३९ महाविद्यालये निवडली गेली. त्यांत औरंगाबाद, लातूर आणि यवतमाळसोबत अकोलाही होते. प्रत्येकी १५० कोटी; त्यांतले १२० केंद्राचे आणि ३० राज्याचे. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या विकारांसाठी नागपूरची वाट धरावी लागू नये, हा हेतू. पण येथेही इमारत झाल्यावर डॉक्टर-परिचारिकांच्या पदांसाठी वाट पाहावी लागली. एखादा शेतकरी अशा वेळी विचारतो, "मास्तर, भिताडं तं उभी झाली, डाक्टर कवा येईन?" हा भोळा प्रश्न नव्हे. हाच लेखापरीक्षणाचा प्रश्न आहे. कारण उशिराचीही किंमत असते. ती कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. मेळघाटातून रोग्याला घेऊन नागपूरला जाणारा माणूस ती भरतो : गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि कधी कधी जीव.

मग जाब विचारायचा कोणी? राज्यघटनेने त्याची सोय केली आहे. महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे आणि विधिमंडळापुढे ठेवले जातात. लोकलेखा समिती ते तपासते. संसदेच्या या समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. विदर्भ-मराठवाड्याचे हिशेब पाहणारे महालेखापालांचे कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. पण हे सारे पहारेकरी बहुधा चोर गेल्यावर येतात. काम चालू असताना पाहायचे, तर गावानेच पाहिले पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकाराने ती वाट मोकळी केली आहे. साधा अर्ज, दहा रुपयांचे शुल्क, आणि तीस दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क.

अर्जात तीनच गोष्टी विचारा. पहिला आकडा किती होता आणि तो कोणत्या तारखेचा? तो वाढला तर कोणत्या बाबीमुळे, आणि कोणाच्या सहीने? इमारतीबरोबर डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांची तरतूद केव्हा मंजूर झाली?

२०२४ साली अमरावती, बुलढाणा आणि वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. म्हणजे वऱ्हाडात पुढची कित्येक वर्षे अंदाजपत्रके लिहिली जाणार. गुरुजी, सातवीच्या पोरांना टक्केवारी शिकवाल, तेव्हा नफातोट्याच्या उदाहरणात व्यापाऱ्याचे कापड बाजूला ठेवा आणि एकदा आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्याचा आकडा घाला. उद्या तीच पोरे त्या दवाखान्याच्या दारात उभी राहणार आहेत.