अक्कदच्या अभ्यासात पाऊल टाकताना

बायबलच्या जुन्या करारात अक्कदचे नाव एकदाच येते. शिनार देशातली बाबेल, एरक, अक्कद आणि कालने ही नगरे निम्रोदाच्या राज्याची सुरुवात होती, एवढेच उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. बाबेल म्हणजे बॅबिलोन. रॉबर्ट कोल्डेवाय यांनी १८९९ पासून तिथे उत्खनन केले. एरक म्हणजे उरुक, आजच्या दक्षिण इराकमधले वार्का. कालनेविषयी एकमत नाही. अक्कदचे राजे नावानिशी माहीत आहेत, तिथल्या मुख्य देवळाचे नाव माहीत आहे, त्या नगरावरून ओळखली जाणारी भाषा वाचता येते. नगराची जागा तेवढी अजून सापडलेली नाही.

या विषयाकडे वळणारा वाचक बहुधा ‘ते शहर आहे कुठे?’ हा प्रश्न घेऊनच येतो. त्याने तो जरूर घेऊन यावा. मात्र त्याच्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो: शहर हाती नसताना त्याच्याविषयी इतके कळले कसे, आणि त्यातले विश्वास ठेवण्याजोगे किती? या विषयाची खरी गोडी या दुसऱ्या प्रश्नात आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. प्रचलित कालगणनेनुसार सार्गन इ.स.पू. २३३४च्या सुमारास सत्तेवर आला. त्याने सुमेरची नगरराज्ये जिंकून अक्कद या एका राजधानीखाली आणली. मेलुहा, मगान आणि दिल्मुन इथली जहाजे आपण अक्कदच्या धक्क्याला लावली, असे त्याचा लेख सांगतो. यातले मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शू-इलिशू नावाच्या माणसाची त्या काळातली एक मुद्रा लूव्र संग्रहालयात आहे. तीवर त्याने स्वतःला मेलुहाच्या भाषेचा दुभाषा म्हटले आहे. म्हणजे भारतीय उपखंडातल्या व्यापाऱ्यांशी बोलणे हा तिथे एखाद्याचा व्यवसाय असू शकत होता.

आता पुरावा जवळून पाहू. उत्तर इराकमधल्या बासेत्की गावाजवळ रस्त्याचे काम चालू असताना तांब्याचा एक पुतळा मिळाला. कमरेवरचा भाग तुटून गेलेला, जमिनीवर बसलेला विवस्त्र पुरुष, वजन सुमारे १५० किलो. खालच्या वर्तुळाकार बैठकीवर सार्गनचा नातू नराम-सिन याचा लेख आहे. चारी दिशा आपल्यावर उलटल्या, एका वर्षात आपण नऊ लढाया जिंकल्या, मग अक्कदच्या रहिवाशांनी मोठमोठ्या देवांकडे मागणे केले की हा आमच्या नगराचा देव व्हावा, आणि त्यांनी नगराच्या मधोमध त्याचे देऊळ बांधले, असा त्याचा आशय. राजा देव झाला तो जणू लोकाग्रहास्तव! बंड झाले होते, हे यातून कळते. मागणी खरोखर कोणाची होती, हे कळत नाही. राजाचा लेख म्हटला की त्यातली घटना आणि त्यातली मखलाशी वेगवेगळी करावी लागते. हाच पुतळा २००३च्या एप्रिलमध्ये बगदादच्या संग्रहालयातून लुटला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मैल्याच्या खड्ड्यातून परत मिळाला.

राजाचा लेख एका टोकाला, तर नंतरच्या कवींची रचना दुसऱ्या टोकाला. ‘अगादेचा शाप’ (अगादे म्हणजे अक्कद) या सुमेरी काव्यात नराम-सिन निप्पूरमधले एन्लिल देवाचे एकूर मंदिर उद्ध्वस्त करतो, चिडलेला एन्लिल डोंगरातल्या गुटी टोळ्या सोडतो आणि अक्कद कायमचे ओसाड पडते. कथा बांधेसूद आहे, म्हणून ती दीर्घकाळ इतिहास समजली गेली. पण निप्पूरमध्येच मिळालेल्या त्या काळच्या हिशेबाच्या मृत्तिकापट्ट्या वेगळे सांगतात. नराम-सिन आणि त्याचा मुलगा शार-काली-शारी यांच्या कारकिर्दीत एकूरची डागडुजी आणि सजावट चालू होती. शापही फळला नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन घेणाऱ्या सायरसच्या मृत्तिका-दंडगोलावर, ज्या नगरांच्या देवांना आपण स्वस्थानी परत पाठवले त्यांच्या यादीत अक्कदचे नाव आहे.

बखर आणि अस्सल कागद यांतला फरक इतिहासकार राजवाड्यांपासून मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेला आहे. तीच नजर इथे उपयोगी पडते. बखर टाकाऊ नसते. ती घडलेल्या काळाविषयी कमी आणि लिहिणाऱ्याच्या काळाविषयी जास्त बोलते. सार्गनची मुलगी एन्हेदुआना हिच्याबाबतही हेच तारतम्य हवे. लिओनार्ड वूली यांना उरमध्ये तिचे नाव कोरलेली दगडी तबकडी मिळाली, तेव्हा ती चंद्रदेवतेची मुख्य पुजारीण होती याविषयी शंका उरली नाही. तिच्या नावावरची स्तोत्रे मात्र काही शतकांनंतरच्या नकलांमधून आपल्यापर्यंत आली आहेत, त्यामुळे ती तिचीच का, हा वाद चालू आहे.

आता जागेचा प्रश्न. बॅबिलोनचा शेवटचा राजा नबोनिडस याने अक्कदमधल्या एउल्मश देवळाचा जुना पाया खणून काढल्याचे त्याचे लेख सांगतात. म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत जागा सर्वांना ठाऊक होती. आज टायग्रिस आणि दियाला नद्यांच्या संगमाचा परिसर, बगदाद शहरातच आलेले तेल मुहम्मद, उत्तरेला सामर्‍याचा परिसर अशी निरनिराळी ठिकाणे सुचवली जातात. टायग्रिसने पात्र अनेकदा बदलले आहे, गाळाचे थर जाड आहेत आणि वर एक महानगर वसले आहे. शिवाय एखादी वस्तू मिळाली म्हणून ठिकाण ठरत नाही. नराम-सिनचा प्रसिद्ध विजयस्तंभ इराणमधल्या सूसा इथे १८९८ मध्ये मिळाला, कारण एलामचा राजा शुत्रुक-नहुन्ते याने तो इ.स.पू. बाराव्या शतकात लूट म्हणून तिथे नेला होता. नगराचे नाव असलेल्या विटा बांधकामातच, जागच्या जागी मिळायला हव्यात.

साम्राज्य का कोसळले, याचे उत्तर आता मातीतही शोधले जाते. ईशान्य सीरियातल्या तेल लैलानच्या उत्खननावरून हार्वी वाइस आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दीर्घ अवर्षणाचा सिद्धांत मांडला. सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या त्या हवामानबदलाचा जागतिक प्रमाण-नमुना मेघालयातल्या मॉम्लुह गुहेच्या चुनखडी निक्षेपातून घेतला आहे, आणि २०१८ मध्ये मान्य झालेल्या भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ हे नावही त्यावरून पडले. तरी पाऊस कमी झाला म्हणजे राज्य बुडालेच असे नाही. बंडे, वारसाहक्काचे झगडे आणि टोळ्यांची आक्रमणे यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

नवागताने अक्कदीची कीलाकार लिपी अवघड म्हणून बिचकू नये. १८५७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ओपर्ट या चौघांकडून स्वतंत्रपणे भाषांतरित करवला. त्यांनी पाठवलेली बंद पाकिटे उघडल्यावर भाषांतरे मुख्य गोष्टींत जुळली आणि वाचन भरवशाचे ठरले. शिकागो विद्यापीठाने १९२१ मध्ये हाती घेतलेला अक्कदी भाषेचा कोश २०११ मध्ये पूर्ण झाला. तो आणि हजारो मृत्तिकापट्ट्यांची छायाचित्रे आज घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात. सुरुवात एका छोट्या लेखापासून करावी आणि प्रत्येक वाक्याला विचारावे: हे कोण सांगतो, घटनेनंतर किती काळाने, आणि कोणाच्या सोयीचे? संग्रहालयांत न वाचलेल्या पट्ट्या पुष्कळ आहेत, वाचणारे थोडे. मराठीतून या कामाला चार माणसे मिळाली तर ती हवीच आहेत.