मतदार नोंदणी : सिंदी (रेल्वे)मधून अर्ज कसा करायचा? मित्रांचे अर्ज एकत्र देता येतात का?

सिंदी (रेल्वे) शहर सेलू तालुक्यात आहे, पण विधानसभेला ते हिंगणघाट मतदारसंघात येतं. सेलू तालुक्याचा उरलेला बराचसा भाग वर्धा मतदारसंघात आहे. त्यामुळे मोबाइलवर नाव नोंदवताना तालुका पाहून ‘वर्धा’ निवडलं जाण्याची शक्यता असते. सिंदीकरांनी जिल्हा वर्धा आणि विधानसभा मतदारसंघ ४६-हिंगणघाट निवडायचा.

पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी नमुना ६ असतो. तो निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर भरता येतो किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. सोबत फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. बीएलओ कोण हे माहीत नसेल तर १९५० या हेल्पलाइनवर विचारा.

१८ कधी पूर्ण होणार?

पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जायची. फेब्रुवारीत १८ वर्षांचं झालेल्याला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागे. ऑगस्ट २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. वयाची १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणं मात्र महागात पडतं. अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात आणि उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही. नगरपरिषदेसाठी वेगळी नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी प्रभागांत विभागून वापरतो. २०२५ च्या अखेरीस झालेल्या नगरपरिषद निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर नोंदणी झालेल्यांना विधानसभेच्या यादीत नाव असूनही तिथे मतदान करता आलं नाही.

शिकायला नागपूरला असाल तर?

होस्टेलवर राहणारा विद्यार्थी घरच्या पत्त्यावर किंवा होस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. पण एकाच ठिकाणी. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही. आधी सिंदीत नाव असेल आणि ते हलवायचं असेल, तर नवा नमुना ६ न भरता नमुना ८ भरायचा.

मित्रांचे अर्ज गोळा करून द्यावेत का?

नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाहन करा, फॉर्म भरायला मदत करा, बीएलओपर्यंत सोबत जा. त्याला कुणाचीच ना नाही. पण गावभरचे अर्ज एकाने गठ्ठ्याने नेऊन दिले तर ते स्वीकारले जात नाहीत. एकाच घरातल्यांचे अर्ज एकाने दिले तर चालतात. मान्यताप्राप्त पक्षांच्या केंद्रस्तरीय प्रतिनिधींनाही एका दिवसात दहापेक्षा जास्त अर्ज देता येत नाहीत, असा आयोगाचा सर्वसाधारण नियम आहे. अर्जातल्या घोषणेवर सही ज्याची त्यानेच करायची असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नाव स्वतःचं स्वतः सांगण्याला या यादीत जुना संदर्भ आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात अनेक बायकांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद दिली. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. स्वतःचं नाव नसलेल्या सुमारे २८ लाख नोंदी यादीतून गेल्या. आजही घरातल्या नव्या सुनेचं नाव माहेरच्याच यादीत राहिलेलं असतं. तिलाही नमुना ८ च लागतो.

अर्ज केल्यावर

पोर्टलवर मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवा. ओळखपत्र हातात असलं तरी यादीत नाव नसेल तर मतदान करता येत नाही, म्हणून नाव यादीत शोधून पाहा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.