विचारले जाण्याची तयारी : ख्रिस्ती जीवन आणि कामातली नीती – प्रस्तावना

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावे, असे विचारतात. नाका सोडून अरण्यात या, असे योहान त्यांना सांगत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच सांगतो. शिपायांनाही तो धाकदपटशा करून पैसे उकळू नका आणि पगारात समाधान माना, असे बजावतो. पश्चात्ताप खरा असेल तर तो हिशेबाच्या वहीत दिसायला हवा, ही या विषयाची पहिली पायरी आहे.

या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. इथे धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या बसस्थानकावर तिकीट देणारा कंडक्टर, शाळेत गुण भरणाऱ्या बाई, दवाखान्यात औषधांचा साठा नोंदवणारी नर्स, या सगळ्यांना इथले मूळ प्रश्न रोज भेटतात. शास्त्र त्या प्रश्नांना क्रम देते, आणि आपल्याआधी कोण कोण त्यांच्याशी झुंजले ते दाखवते.

बायबलमध्ये यासाठी भरपूर सामग्री आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात खऱ्या वजनमापांचा आदेश आहे, तर याकोबाच्या पत्रात मजुरी दाबून ठेवणाऱ्या धनिकांवर कठोर आरोप आहे. जकातदार जक्कय लुबाडलेले चौपट परत करायला निघतो. पण नवख्या वाचकाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय सावकाश वाचावा. यरुशलेमच्या गरिबांसाठी मदत गोळा होत असताना पौल ती नेण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो. देवासमोर शुद्ध असणे त्याला पुरेसे वाटत नाही. माणसांपुढेही ते दिसावे, असा त्याचा आग्रह आहे.

या प्रस्तावनेचे म्हणणे त्यातूनच निघते. माझ्यावर विश्वास ठेवा, असे सचोटीचा माणूस म्हणत नाही. आपल्याला विचारता येईल, तपासता येईल, अशी व्यवस्था तो स्वतः करून ठेवतो. उज्जैनच्या मातीला हा विचार परका नाही. सिंहासनबत्तिशीत विक्रमादित्याच्या आसनावर बसू पाहणाऱ्या भोजाला एकेक पुतळी अडवते आणि विक्रमाएवढे गुण तुझ्यात आहेत का, असे विचारते. पद हाती आले म्हणून पात्रता येत नाही, हे मराठी घरांतली मुले या गोष्टींतून फार लवकर शिकत आली आहेत.

मराठी ख्रिस्ती इतिहासात ही कसोटी सर्वांत तीव्रपणे लागली ती पंडिता रमाबाईंना. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्यासारखा सिद्धांत पटल्याशिवाय मान्य करायला त्यांनी नकार दिला. ज्या मठातल्या भगिनींच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशी पत्रांतून वाद घातला. अन्नदात्यासमोर न पटलेल्या गोष्टीला होकार न देणे, हीसुद्धा सचोटीच.

पुढचा पेच अधिक अवघड होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले रमाबाईंचे शारदा सदन, म्हणजे मुलींचे निवासी विद्यालय, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा शब्द दिलेला होता. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. त्यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. श्रद्धा लपवणे म्हणजे खोटे वागणे, ही रमाबाईंची बाजू खरी आहे. जिचे जेवण, निवारा आणि शिक्षण एकाच व्यक्तीच्या हाती आहे, त्या मुलीची निवड कितपत मोकळी, हा विरोधकांचा प्रश्नही खरा आहे. दोन्ही बाजू पूर्ण वजनाने मांडल्याशिवाय निकाल देण्याची घाई करू नये. आजच्या मुख्याध्यापकाला, डॉक्टरला, अधिकाऱ्याला हाच प्रश्न पडतो: माझी श्रद्धा माझ्या हाताखालच्या माणसावर ओझे तर होत नाही ना?

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी वेगळ्या बाजूने उत्तर शोधले. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करू लागले. पगारासाठी धर्म सांगतो, असे म्हणायला कुणाला जागा राहिली नाही, आणि त्याची किंमत मोजायला ते तयार होते. प्रत्येकाने नोकरी सोडावी, असा याचा अर्थ नाही. संस्थेत राहून तिचे हिशेब स्वच्छ ठेवणे अनेकदा जास्त कठीण असते.

मंडळ्या, ख्रिस्ती शाळा आणि दवाखाने यांच्यापुढे आज हेच काम आहे. देणग्यांचा हिशेब खुला हवा, नेमणुकीत नात्यागोत्याला थारा नको, आणि तक्रार करणाऱ्याला संस्थेचा शत्रू समजू नये. सेवेचे नाव मोठे असते, तेव्हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटू लागते. चूक बहुतेकदा त्याच आडोशाला वाढते.

वाचकाने या विषयाकडे येताना स्वतःचे काम सोबत आणावे. माझ्या कामात मला कोण विचारू शकते? त्या विचारणाऱ्याला मी सुरक्षित ठेवले आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवावीत आणि मग बायबल, रमाबाई व टिळक वाचायला घ्यावेत.

– नानाखेडा, उज्जैन