नावाविना राहिलेले शिपाई

लढाईत पडलेल्या माणसाला गावात दगडाची जागा द्यायची, ही चाल आपल्याकडे फार जुनी. देवळाच्या आवारात आणि वेशीवर वीरगळ उभे असतात, ते त्याचसाठी. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरा वीराला स्वर्गी नेताहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. आपल्या दर्यावर्दी कोकणाला ते चित्र परकं वाटणार नाही.

पण 1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि आपला माणूस फार लांब जाऊन पडू लागला. मराठा पलटणींत कोकणी मराठ्यांची भरती होत असे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं. वेढ्यात उपासमारीने आणि पुढे कैदेत किती मेले, त्याची बातमी घरी पोचायलाही महिने लागत.

अशा मृतांसाठी 1917 साली लंडनला एक आयोग नेमला गेला. त्याचा नियम चांगला होता. हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही. ज्याला पुरलं त्याच्या कबरीवर दगड. ज्याचं दहन झालं किंवा ज्याची कबर सापडली नाही, त्याचं नाव स्मारकाच्या भिंतीवर.

आता हा नियम पाळला कसा, ते बघा. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला 1927 साली स्मारक झालं. तिथे 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची स्मृती जपली आहे, नावं दगडात कोरली आहेत. दोनच वर्षांनी, 1929 साली, इराकात बसऱ्याला स्मारक झालं. ते 40,000 हून अधिक मृतांचं. तिथे गोऱ्या सैनिकांची नावं आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदी शिपायाचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा! नावं राहिली कागदावरच्या यादीत. या भेदाबद्दल आयोगाने जाहीर माफी मागितली ती 2021 साली.

आपल्याकडेही तेच झालं. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. आकडे आहेत, माणसं नाहीत.

खलाशांची गोष्ट आणखी निराळी. समुद्रात बुडालेल्याला ना चिता, ना कबर. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धातल्या अशा 2,000 हून अधिक नाविकांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं एका ग्रंथात लिहून तिथे ठेवली. त्याची जोडप्रत चितगावला आहे.

उलट पुण्याजवळ खडकीला जा. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी तिथे एका ओळीत आहेत. हिरवळ राखलेली, दगड स्वच्छ. मुंबईच्या शिवडीत पहिल्या महायुद्धातले 629 सैनिक पुरले होते. त्यांचे अवशेषही 1962 साली तिथे आणले. परमुलखातली ती पोरं, त्यांचा हेवा करू नये. पण जे त्यांना मिळालं, ते आपल्याही शिपायाला मिळायला हवं होतं.

स्वातंत्र्यानंतर चाल बदलली. 1999 च्या कारगिल युद्धापासून जवानाचा देह तिरंग्यात गावी येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर 2019 पासून स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावं आहेत. त्याआधीच्यांचं काय? ते काम गावाचंच.

गुरुजनहो, हे काम तुमच्याकडून होण्यासारखं आहे. गावात अशी पाटी असेल तर मुलांकडून धुऊन घ्या. वयस्क माणसांना विचारा, कुणाचा आजा, कुणाचा पणजा गेला होता. आयोगाची यादी आता संगणकावर सर्वांना खुली आहे. त्यात पलटण, मरणाची तारीख आणि पुष्कळदा बापाचं नाव व गावही मिळतं. मात्र सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 साली. तेव्हा गाव शोधताना रत्नागिरी जिल्हा किंवा सावंतवाडी संस्थान असं शोधा. नावं इंग्रजीत, तीही वेडीवाकडी लिहिलेली. मालवणी कानालाच ती ओळखू येतील.

आपल्याकडे म्हाळाला घरोघर पान वाढतात. ज्याच्या मरणाची तिथी ठाऊक नाही, त्याच्या वाट्याला सर्वपित्री अमावास्या. यादीतली एक तारीख सापडली, तर पंचांग काढून त्याची तिथी सांगता येईल. शंभर वर्षांनी का होईना, त्या शिपायाचं पान त्याच्या स्वतःच्या दिवशी वाढलं जाईल.