दुपारी ऊन, संध्याकाळी विजा: वळवाचं वादळ इतकं अचानक का येतं?

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात दुपारी कडक ऊन असतं आणि संध्याकाळी विजा कडाडतात. असं का होतं?

तापलेल्या जमिनीलगतची दमट हवा वर जाते. वरची हवा बरीच थंड असेल, तर ही हवा वेगाने चढतच राहते आणि गडगडाटी ढग तयार होतात. ही अस्थिरता ‘केप’मध्ये मोजतात. प्रतिकिलो २५०० ज्यूलच्या वर वातावरण खूप अस्थिर मानतात, ४००० च्या वर अतिअस्थिर.

पण केप म्हणजे फक्त इंधन. हवेला वर ढकलणारं काही नसेल, तर वादळ होतही नाही. म्हणून एखादा इशारा फोल ठरला, तरी पुढच्याकडे दुर्लक्ष करू नका. गडगडाट ऐकू आला, की शेतातलं काम सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच राहा.