किल्ली शेजारी ठेवली आहे

डोंबिवलीच्या मुलांबद्दल एक जुनी हळहळ ऐकू येते. आईबाप सकाळी लोकल गाठणार, पोरं पाळणाघरात वाढणार, मग वयात आल्यावर ती धास्तावलेली निघाली तर नवल काय! हळहळ प्रामाणिक आहे, हिशेब मात्र चुकलेला. रेल्वे ठाण्याला 1853 साली आली, कल्याणला 1854 साली, आणि डोंबिवलीचं स्थानक 1887चं. घरातला कर्ता माणूस दिवसभर गावाबाहेर असणं इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. पुढे मुंबईत जागा परवडेना म्हणून नोकरदार कुटुंबं इकडे सरकली, बायकाही बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत जाऊ लागल्या, आणि गल्लोगल्ली पाळणाघरं उभी राहिली. बहुतेक पाळणाघरं एखाद्या काकूंच्या राहत्या घरातच. भिंतीलगत सतरंज्या, खुंट्यांवर पिशव्या, दुपारी वरणभात, तिन्हीसांजेला शुभंकरोती. जिन्यात चपला वाजल्या की सगळ्या माना एकदम दाराकडे वळत. ज्याची आई आली तो धावे, बाकीचे पुन्हा खेळायला लागत.

त्या वळणाऱ्या मानांत मानसशास्त्राचा एक मोठा वाद दडलेला आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाचा अर्थ पुष्कळांनी ‘आई घराबाहेर पडली की मुलाचं नुकसान’ असा लावला. पण त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातल्या आणि पुढे बाल्टिमोरच्या घरांत माय-लेकरं पाहिली, तेव्हा सुरक्षिततेचं माप तासांत बसेना. हाक मारली की ओ मिळते की नाही, ही मुलाची खरी चाचपणी. 1987 साली आर्म्सडेन आणि ग्रीनबर्ग यांनी किशोरांसाठी जी प्रश्नावली केली, तिच्यात आईबापांबद्दल जे विचारलं, तेच मित्रांबद्दलही: विश्वास किती, बोलणं किती, तुटलेपण किती. चौदा-पंधराव्या वर्षी मूल दोन्ही दारं ठोठावत असतं. माझं म्हणणं असं, की ठाणे-डोंबिवलीच्या या पट्ट्यात पहिल्या दारातली उणीव दुसरं दार बराच काळ भरून काढत होतं, आणि आजच्या चिंतेचं मूळ शोधायचं तर त्या दुसऱ्या दाराचं काय झालं ते बघावं लागेल.

हे दुसरं दार म्हणजे मित्र, आणि ते ज्यात वाढतात तो शेजार. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, फोन लागेनात; कामावर गेलेली असंख्य माणसं रात्रभर मुंबईतच अडकली. अशा रात्री मूल कुणाकडे जेवतं आणि कुणाच्या अंथरुणात झोपतं, हे ऐनवेळी ठरत नाही. शेजारी किल्ली ठेवायची रीत वर्षानुवर्षं पाळलेली असते, तीच तेव्हा कामी येते. याच्या उलट मार्च 2020ची कोविडची टाळेबंदी. लोकल थांबली, पुष्कळ घरांत आईबाप चोवीस तास समोर, आणि मित्र मात्र तुटले. दिवसभराची गैरहजेरी हेच मूळ असतं, तर निदान अशा घरांतली मुलं निवांत व्हायला हवी होती. मुलांवरच्या त्या काळातल्या जगभरच्या 29 अभ्यासांचा 2021 साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साधारण पाचातल्या एका मुलात चिंतेची ठळक लक्षणं दिसली. त्यात आजाराची भीती होती, पगारकपात होती, हे मान्य. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण ‘आईबाप घरी असले की झालं’ हा दावा त्यापुढे टिकत नाही.

जुन्या शेजाराला सोवळं नेसवायचं कारण नाही. गॅलरीतली नजर जाच करायची, निकालाच्या दिवशी टक्के विचारायला सगळा मजला जमायचा, आणि जात कुणाच्या घरात कुठवर आत जायची हेही ठरलेलं असे. शिवाय पूर्वीची मुलं चिंतामुक्त होती असं कोण सांगणार? ठाण्याचं मनोरुग्णालय 1901चं; साध्या घाबरलेल्या मुलाला तिथे कोण नेणार होतं? मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 साली ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली, तेव्हा कुठे अशा घालमेलीला वेड न म्हणता बोलण्याची जागा झाली. तेव्हा ‘चिंता वाढली’ यात ‘चिंता मोजली जाऊ लागली’ हाही वाटा धरायलाच हवा.

तरीही सोबतीची तऱ्हा बदलली, हे नाकारता येत नाही. वाड्याच्या अंगणात आठ वर्षांचा आणि सोळा वर्षांचा एकाच डावात असत. लहानाला लिंबूटिंबू म्हणून खपवून घेत, मोठ्याला त्याला सांभाळावं लागे. क्लासच्या बॅचमध्ये सगळे एका वयाचे, एका परीक्षेचे, बाकही गुणांप्रमाणे. शेजारचा मित्र तिथे आधी स्पर्धक असतो, आणि पोटात गोळा आलाय हे स्पर्धकाला कोण सांगतं? दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड आजही पोरापोरींनी फुलतो. नवे कपडे, गणेश मंदिरात दर्शन, मग कट्ट्याकट्ट्याने उभं राहणं. त्या सकाळी कुणी कुणाला टक्के विचारत नाही. दुसऱ्या दिवशीपासून क्लासचं वेळापत्रक असतंच.